पंधरा लाईटी

गाठ गेली. बोराएवढी व्हती,
काखंत काय बी सापडलं न्हाई.
टाके सुकले तवा मिरजेच्या डॉक्टरीणबाईनं
खुर्ची वळवली.
उत्तमकडं न्हाई, माझ्याकडं.
"हौसाक्का, आता लाईट घ्यायची की नाही,
ते तुम्ही सांगायचं."

बहात्तर वर्सांत मला असं कुणी इचारलं न्हवतं.
लगीन ठरलं तवा न्हाई,
तिशीत पिशवी काढली तवा बी न्हाई.

आमच्या सावळजात लाईट म्हंजे
रातच्या दोनला येती, मोटरीपाशी पळवती
आन वाफा अर्धा भिजला की जाती.
ही लाईट येगळी.
पंधरा दिस, रोज दोन-चार मिन्टं,
दिसत न्हाई, दुखत न्हाई,
कातडी जरा करपती म्हणं, तवा लागल्यावानी.

बाईनं कागदावर ठिपके काढले. शंभर.
"ह्या तुमच्या वयाच्या बाया,
तुमच्यासारखीच बारकी गाठ, सगळ्या गोळी घेणाऱ्या.
लाईट न घेता दहा वर्षांत नऊ-दहा जणींना
त्याच जागी गाठ परत येते.
घेतली तर एखादीला."
"आन मरणाचं?"
"ते दोन्हीकडं सारखंच."
उत्तम फरशीकडं बघत बसला.

शंभर मला कळतात.
चाळीस वर्सं द्राक्षाची विरळणी केलो.
घड तळव्यावर घ्यायचा, कात्रीचं टोक आत सारायचं,
शंभरभर मणी ठिवायचं, बाकी मातीत.
कुठला ऱ्हाणार, कुठला जाणार
ते डोळ्याआधी बोटाला कळतं.
पण ह्या कागदावर
मी कुठला ठिपका,
ते माझ्या बोटाला कळंना.
बाईच्या बोटाला बी न्हाई.

उत्तम म्हणला, घिऊन टाक आई, मागनं रुखरुख नको.
रुखरुख त्याची, यष्टीत बसणार मी.
तासगावात बदलायची, परत सांगलीत,
पंधरा दिस, आन तेबी नेमके विरळणीचे.
शेजारची बायनाबाई म्हणली, कार्डावर फुकट हाय तर घ्यावी की,
जशी काय रेशनची साखर.

मी न्हाई म्हणलो.
नुसती गोळी. रोज एक, पाच वर्सं.

दोन म्हैन्यांत बोटं आखडली.
सकाळचा तांब्या धरवंना.
बागंत कात्री तीनदा हातातनं पडली.
मुकादम काय बोलला न्हाई,
फकस्त माझी ओळ दुसरीला दिली.

उत्तमला म्हणलो, बँकंत जातो.
एकटीच मिरजेला गेलो.
पिशवीतनं कात्री काढून टेबलावर ठिवली.
"बाई, अदलाबदल हुती का?
गोळी तुमाला परत. लाईटी मला द्या."

हसली न्हाई ती. चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"हाच प्रश्न मोठमोठ्या दवाखान्यांत तपासतायत, आक्का.
पक्कं उत्तर अजून कुणाकडं नाही. माझ्याकडंही नाही.
गोळी बदलून बघता येईल. लाईटही देता येईल,
अजून उशीर झालेला नाही.
आठवडाभर विचार करा."

"म्हाईत न्हाई" म्हणणारा डॉक्टर
मी पयल्यांदा बघितला.
बरं वाटलं. का, ते सांगता येत न्हाई.

परतीच्या यष्टीत कागद मांडीवर पसरला.
कवठेएकंदच्या पुढं
शेजारच्या बारक्या पोरीनं मान वाकडी करून बघितलं.
"आजी, ह्ये काय?"
"बाया हायत. मोज."
तिनं बोट ठिवलं, वटात मोजाय लागली.
खड्डा आला. एकसष्टला चुकली.
परत पयल्यापासनं.